मुख्याध्यापकांचा दिवस कुठे जातो, त्यावर मुलांचं शिकणं ठरतं

परिपाठाची घंटा व्हायच्या आत फोनवर तीन निरोप येऊन पडलेले असतात. एकात आधार नोंदणीची टक्केवारी भरायची असते, दुसऱ्यात झाडं लावल्याचे फोटो पाठवायचे असतात, तिसऱ्यावर ‘दुपारी दोनपर्यंत, अत्यंत तातडीचे’ असा शिक्का. तांदळाची गाडी दारात उभी. एक पालक दाखल्यासाठी थांबलेले. पाचवीच्या बाई रजेवर, म्हणून त्यांचा वर्ग चौथीत बसवायचा. हे सगळं निस्तरेपर्यंत शाळा सुटायची वेळ होते, आणि दिवसभरात आपण एकाही मुलाचं वाचन ऐकलेलं नसतं.

जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी मुख्याध्यापक झाले तेव्हा माझं पहिलं वर्ष असंच गेलं. दप्तर चोख होतं, तपासणीत शेराही चांगला मिळाला. मे महिन्यात सातवी झालेला एक मुलगा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. मी म्हटलं, “बाळा, सगळं बरोबर आहे का ते एकदा वाचून बघ.” तो कागदाकडे बघत उभा राहिला. जन्मतारीख अक्षरी लिहिली होती, ती त्याला वाचता येईना. सात वर्षं तो आमच्याकडे होता. हजेरी चांगली, खोडकर नाही, कुणाची तक्रार नाही. आमच्या चोख दप्तरात त्याची अडचण कुठेच लिहिलेली नव्हती.

त्या दिवसानंतर मी जे बदलत गेले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि छोट्या अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक डोळ्यांसमोर ठेवलेत, आणि ज्यांच्या गळ्यात ‘प्रभारी’ म्हणून हे काम पडलं आहे तेही.

आधी एवढं समजून घ्या

मुख्याध्यापक थेट मुलांना शिकवून निकाल बदलत नाही. त्याचा परिणाम शिक्षकांच्या हातून मुलांपर्यंत पोहोचतो. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली २७ अभ्यास जमवले आणि त्यांतल्या १२ अभ्यासांवरून पाहिलं की शाळाप्रमुखाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो. माप जितकं मोठं, तितका संबंध घट्ट. शिस्त आणि नीटनेटकं वातावरण राखण्याचं माप आलं ०.२७. साधनसामग्री योग्य ठिकाणी वापरण्याचं ०.३१. ध्येय ठरवणं आणि अध्यापनाचं नियोजन व पाहणी करणं, या दोन्हींचं ०.४२. आणि शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः उतरणं, त्यांच्याबरोबर बसून शिकणं, याचं ०.८४. हे आकडे म्हणजे फूटपट्टी नव्हे, पण रोख कुणीकडे आहे ते स्पष्ट आहे. आपल्याकडे तपासणीत ज्याला सगळ्यात जास्त गुण मिळतात, तो स्वच्छ परिसर आणि रंगवलेल्या भिंती, त्यांचा नंबर सर्वांत खाली लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांबरोबर निरीक्षक दिवसभर फिरले आणि त्यांचा वेळ कुठे जातो ते टिपत गेले. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात अध्यापनाशी संबंधित कामाला त्यांचा जेमतेम १२.७ टक्के वेळ मिळत होता. त्यातही फरक होता. शिक्षकासोबत बसून त्याचं शिकवणं सुधारायला मदत करणाऱ्यांच्या शाळेत मुलांची प्रगती चांगली दिसली. वर्गावर्गातून नुसती चक्कर मारून येणाऱ्यांच्या शाळेत, विशेषतः माध्यमिक शाळांमध्ये, ती उलट कमी दिसली. म्हणजे “मी रोज सगळ्या वर्गांत जाते” हे सांगण्यासारखं काही नाही. जाऊन काय करता, ते सांगा.

आणि घरच्या जवळचं उदाहरण मध्य प्रदेशाचं. तिथे शाळांचं मूल्यांकन करून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा बनवण्याचा कार्यक्रम राबवला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याची शास्त्रीय तपासणी केली. मूल्यांकनं झाली, आराखडे तयार झाले, पण शिकवण्याची पद्धत, शिक्षकांची हजेरी आणि मुलांचे गुण, तिन्ही होते तिथेच राहिले. फायलीतला आराखडा वर्गात पोहोचलाच नाही. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा करावा लागतो. तुमच्या शाळेचा आराखडा गेल्या वर्षभरात कोणत्या शिक्षकाने स्वतःहून उघडून पाहिला, हे एकदा आठवून बघा.

पायरी पहिली: दहा दिवसांची वही

कुठलाही संकल्प करण्याआधी दहा कामाचे दिवस आपला वेळ लिहून काढा. छोटी वही खिशात ठेवा. दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहायचा: वर्ग, शिक्षक, कागद, माणसं, किंवा धावपळ. ‘वर्ग’ म्हणजे स्वतः शिकवणं किंवा मुलांजवळ बसणं. ‘शिक्षक’ म्हणजे शिकवण्याबद्दल शिक्षकाशी बोलणं. रजेचा अर्ज आणि पगाराची चौकशी यात धरायची नाही. ‘धावपळ’ म्हणजे गॅस संपला, नळ फुटला, साप निघाला.

वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून खरं लिहा. माझ्या वहीत ‘शिक्षक’ हा शब्द दहा दिवसांत दोनदा आला होता. मला वाटायचं की मुलांचं शिकणं हेच माझं पहिलं प्राधान्य. मनापासून वाटायचं. वहीने दाखवलं की माझं प्राधान्य व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी आदेश टाकेल ते.

पायरी दुसरी: प्रत्येक मुलाचं वाचन स्वतःच्या कानांनी ऐका

हे काम शिक्षकांवर सोपवू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. १४० मुलं आणि प्रत्येकी चार मिनिटं धरली तर ५६० मिनिटं होतात, म्हणजे साडेनऊ तासांच्या आत. रोज पाऊण-एक तास दिला तर दोन आठवड्यांत काम होतं. जुलैमध्ये करा. जूनमध्ये मुलं सुट्टीतून येऊन रुळत असतात.

ऑफिसात बोलावू नका, तिथे मूल घाबरतं. व्हरांड्यात, झाडाखाली सतरंजी टाका. उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, कारण तो कित्येक मुलांना तोंडपाठ असतो आणि ती पान उलटं धरूनही ‘वाचून’ दाखवतात. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून साध्या पायऱ्या वापरतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्या पुरेशा आहेत. मूल ज्या पायरीवर सहज वाचतं, ती त्याची पायरी. गोष्ट वाचणाऱ्याला एक प्रश्न विचारा, म्हणजे अर्थ कळला का ते समजेल. तिसरीपासून पुढच्या मुलांना उसने घेऊन करायची एक वजाबाकी आणि एक भागाकार द्या.

ऐकताना चूक सुधारायची नाही, आणि एक मोठी काळजी घ्यायची. मूल ‘पाणी’ लिहिलेलं ‘पानी’ असं वाचत असेल, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असेल, तर ते चुकलेलं नाही. ते आपल्या घरच्या बोलीत बरोबर वाचतं आहे. अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना आपण विनाकारण ‘अप्रगत’ करून टाकतो. खरी अडचण असते ती काना-मात्रा गळणं, जोडाक्षरापाशी थांबणं, रफार कुठला कुणावर तो न कळणं. ती वेगळी टिपा.

मग एका कागदावर तक्ता करा: आडव्या ओळीत इयत्ता, उभ्यात पायऱ्या, आणि घरात फक्त संख्या. समजा पाचवीत २४ मुलं आहेत: अक्षरावर ३, शब्दावर ६, परिच्छेदावर ७, गोष्टीवर ८. हा संख्यांचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावा. नावांची यादी मात्र फक्त वर्गशिक्षकाकडे आणि तुमच्याकडे. मुलांची नावं पायरीनुसार भिंतीवर लावलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. तसं कधीही करू नका.

हा तक्ता पाहिल्यावर कुणी म्हणेल, आमच्याकडचीच मुलं अशी. तसं नाही. ‘असर’च्या पाहण्यांत देशभरातल्या ग्रामीण भागातली पाचवीतली साधारण निम्मी मुलं दुसरीचा मजकूर नीट वाचू शकत नाहीत, हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, पण माहीत झाल्यावर गप्प बसता येत नाही.

पायरी तिसरी: एकच गोष्ट ठरवा

शाळेच्या भिंतीवर ध्येयवाक्य असतं, कार्यालयात उद्दिष्टांचा फलक असतो, आराखड्यात पंधरा कलमं असतात. मला एक वाक्य हवं होतं, जे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही कळेल. आमचं पहिलं वाक्य होतं: “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिसरी ते पाचवीतलं एकही मूल अक्षराच्या पायरीवर राहणार नाही.”

त्यात तारीख आहे, इयत्ता आहेत, आणि पूर्ण झालं की नाही ते कुणालाही सांगता येतं. ‘गुणवत्ता वाढवणे’ या शब्दांत यातलं काहीच नाही. २०२१ च्या जुलैत सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं म्हटलं आहे. ते शेवटचं ठाणं माना. पण अक्षरावर अडलेल्या मुलासाठी पुढचं ठाणं ‘शब्द’ हेच आहे.

विज्ञान प्रदर्शन, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षा हे सगळं चालू राहू द्या. फक्त दोन गोष्टी एका वेळी आल्या तर कोणती मागे सरेल, हे आधी सगळ्यांना माहीत हवं. शिष्यवृत्तीची चार मुलं तयार करायला शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक दुपारभर लावायचा, आणि नऊ मुलं अक्षरावर तशीच ठेवायची, हा निर्णय आपण घेतो. तो घेतला आहे हे मात्र आपल्या लक्षातही येत नाही.

पायरी चौथी: वेळापत्रक आणि पहिलीचा वर्ग

प्राधान्य खरं आहे का, ते वेळापत्रकात दिसतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. त्यातला रोज एक तास कुणीही न तोडण्याचा ठेवा. आम्ही परिपाठानंतरचा लगेचचा तास ठेवला. त्या तासात तिसरी, चौथी, पाचवीची मुलं इयत्ता विसरून पायरीप्रमाणे बसतात. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली दुसरीकडे. तास संपला की आपापल्या वर्गात, आपापल्या पुस्तकाकडे. त्या तासात शिपाई नाही, रजिस्टर नाही, “बाई, जरा तेवढी माहिती द्या” नाही. आणि हा नियम सगळ्यात आधी मोडणार तो मुख्याध्यापकच, हे ध्यानात ठेवा.

दुसरा निर्णय जड जातो. पहिलीला कोण शिकवणार? रीत अशी की अनुभवी गुरुजी वरच्या वर्गांवर, आणि पहिली मिळते नव्याने आलेल्या किंवा तात्पुरत्या शिक्षकाला. हे उलटं करा. मुलांना बोलतं करण्यात ज्या शिक्षकाचा हातखंडा आहे, त्याला पहिली-दुसरी द्या, आणि सलग दोन वर्षं द्या. नाराजी होईल. वरचा वर्ग काढून घेणं हा काहींना अपमान वाटतो. म्हणून हे सर्वांसमोर जाहीर करू नका. आधी त्यांच्याशी एकटं बोला, आणि का निवडलं ते त्यांच्या कामातलं उदाहरण देऊन सांगा.

द्विशिक्षकी शाळेत हे सगळं अवघड आहे. तिथे मुख्याध्यापकाकडेच दोन-तीन वर्ग असतात. तिथे एक शिक्षक अक्षर-शब्दाचा गट घेईल, दुसरा परिच्छेद-गोष्टीचा, एवढी वाटणी पुरते. सहकाऱ्याचं शिकवणं पाहायचं असेल तेव्हा आपल्या गटाला वीस मिनिटं गोष्टीची पुस्तकं द्या आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा.

पायरी पाचवी: तास पाहणं, आणि त्यानंतरची पंधरा मिनिटं

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

सात शिक्षक असतील तर आठवड्याला तीन-चार तास पाहून होतात, म्हणजे प्रत्येकाकडे पंधरवड्यातून एकदा. आधी सांगून जा. तास संपूर्ण बसा. खुर्ची घेऊन मागे बसू नका, मुलांमध्ये खाली बसा. शिक्षकाकडे बघत बसण्यापेक्षा चार-पाच मुलांच्या वह्यांकडे बघा. फळ्यावर काय चाललंय ते शिक्षकाला माहीतच असतं. वहीत काय उतरलं ते त्याला पाठमोरं असताना दिसत नाही. तेवढं आपण त्याला दाखवू शकतो. लॉगबुकमधला शेरा हे वेगळं सरकारी काम आहे. तो नंतर कधीतरी लिहा. त्याच दिवशी लिहिलात तर पुढच्या वेळी तुम्हाला सजवलेला तास बघायला मिळेल.

एक उदाहरण देते. तिसरीत बाई संख्या सांगत होत्या, मुलं लिहीत होती. ‘त्रेसष्ट’ला तीन मुलांनी ३६ लिहिलं आणि एकाने ६०३. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच वर्गात बसलो.

“बाई, त्रेसष्टला या चौघांनी काय लिहिलंय बघू या का?”

“मॅडम, ही मुलं घरी वहीच उघडत नाहीत.”

“नसतील उघडत. पण तिघांनी छत्तीसच लिहिलंय. तिघांची चूक एकसारखी कशी झाली असेल?”

बाई जरा वेळ वह्या बघत राहिल्या. “त्रे आधी ऐकू येतं ना. म्हणून तीन आधी मांडलाय.”

“आणि हा ६०३?”

“याला साठ आणि तीन कळलंय. नुसतं जोडून लिहिलंय.” मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे हा त्या तिघांच्या पुढे आहे.”

“उद्या काय करून बघाल?”

“काड्यांचे गठ्ठे देते. आधी सहा गठ्ठे मांडायचे, मग सुट्ट्या तीन, मग आकडा. नाव सगळ्यात शेवटी.”

“गुरुवारी मी याच तासाला येते. याच चौघांच्या वह्या बघू.”

एवढंच बोलणं झालं. मी काही शिकवलं नाही. ‘छान’ म्हटलं नाही, ‘सुधारणा आवश्यक’ म्हटलं नाही. मुलाची वही मध्ये ठेवली आणि पुढच्या भेटीचा वार ठरवला. वार ठरवणं फार महत्त्वाचं आहे, आणि त्या वारी जाणं त्याहून. एकदा गेला नाहीत की बाईंना कळतं की हेही इतर सूचनांसारखंच आहे.

(मराठी संख्यानामांची ही अडचण खरी आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची रीत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी बावन्न ऐकून २५ लिहिणारं मूल प्रत्येक शाळेत आहे, आणि ते ढ नाही, ते कानावर पडलेल्या क्रमाने लिहितं आहे.)

काही शिक्षकांना आपण वर्गात बसणं आवडणार नाही. सुरुवात त्यांच्यापासून करू नका. आधी आपला तास त्यांना बघायला बोलवा. मी सातवीला अपूर्णांक शिकवते, आणि छेद वेगळे असताना मुलं वरचे वर आणि खालचे खाली मिळवून टाकतात. माझ्या वह्यांतली ही चूक मी आधी सर्वांसमोर ठेवली. त्यानंतर दारं उघडली. तरीही दोन-तीन महिन्यांत काहीच करायचं नाही असं कुणी ठरवलंच असेल, तर लेखी सूचना आणि वरिष्ठांना अहवाल हा सरळ रस्ता धरा. ग्रुपवर टोमणे मारू नका.

पायरी सहावी: शनिवारची चाळीस मिनिटं

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं शिक्षकांनी एकत्र बसायचं. नियम दोन. परिपत्रकं वाचायची नाहीत, ती आधीच पाठवलेली असतात. आणि प्रत्येक वेळी एका शिक्षकाने पाच मुलांच्या वह्या आणायच्या, अडलेल्या मुलांच्या. सगळ्यांनी मिळून चूक शोधायची, कारण शोधायचं, आणि पुढच्या आठवड्यात करून बघायची एक गोष्ट ठरवायची. कायद्यात शिक्षकांचे आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरलेले आहेत, तेव्हा हा वेळ कुणावर उपकार म्हणून मागायचा नाही.

मुख्याध्यापकाने या बैठकीत अध्यक्षासारखं बसू नये. रॉबिन्सन यांच्या अभ्यासातलं ते ०.८४ इथलं आहे. आपल्यालाही न सुटणारा प्रश्न मोकळेपणी मांडणारा प्रमुख असला की बाकीचे बोलू लागतात. साताऱ्याच्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जायचे. तिथली जमिनीवर आखलेली चित्रं आणि वर्तुळं पुष्कळांनी आपल्या शाळेत उतरवून घेतली. पण जमीन रंगवून शिकवणं बदलत नाही. त्यामागे शिक्षकांनी एकत्र बसून केलेला विचार असावा लागतो.

पायरी सातवी: कागद आवरणं

आता प्रश्न येतो, एवढा वेळ आणायचा कुठून? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कारकून नाही. युडायस आणि सरल या शाळेच्या व मुलांच्या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची नोंद, शालार्थ ही पगाराची प्रणाली, सगळं आपल्यावर. यातलं काही चुकवता येत नाही, चुकवूही नये. पण ते दिवसभर पसरू न देणं आपल्या हातात आहे.

एक ‘माहिती वही’ करा. इयत्तावार, मुलगे-मुली, प्रवर्गवार पट, दिव्यांग विद्यार्थी, आधार झालेली-न झालेली, बँक खाती, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाण्याची सोय, शिक्षकांच्या नेमणुकीच्या तारखा. दर महिन्याच्या एक तारखेला ती ताजी करा. वर्षभर येणाऱ्या ‘तातडीच्या’ मागण्यांपैकी बऱ्याचशा यातच सापडतात, फक्त रकाने वेगळे असतात. मग कागदाची एक वेळ ठरवा. मी दुपारी तीननंतरची ठेवली. केंद्रप्रमुखांना स्वतः भेटून सांगितलं: “सर, माहिती रोज साडेचारच्या आत मिळेल. सकाळचे दोन तास मी वर्गात असते. मुलांच्या सुरक्षिततेचं काही असेल तर फोन करा, लगेच घेईन.” त्यांनी मान्य केलं, कारण माहिती खरोखर वेळेवर जाऊ लागली. आधी शब्द पाळून दाखवावा लागतो.

धान्याचं वजन आणि नोंद तुम्ही बघा, पण रोजची चव बघायला माता पालकांची पाळी लावा. त्या आनंदाने येतात, आणि जेवणही सुधारतं.

अशैक्षणिक कामांबद्दल कायदा स्पष्ट आहे. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यांसाठीच शिक्षकांना नेमता येतं. मतदार याद्यांचं काम त्यात येतं, ते करावंच लागेल. त्यापलीकडच्या कामासाठी शिक्षक गेला तर तारीख, तास आणि बुडालेला वर्ग नोंदवून ठेवा, आणि महिन्याच्या शेवटी ती नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या. भांडण नको, नोंद हवी. बुडालेले तास आकड्यात दिसले की पालकच प्रश्न विचारू लागतात.

गैरहजर मुलं आणि दिवाळीनंतर रिकामे होणारे वर्ग

महिन्याची सरासरी हजेरी बघू नका, ती सगळं झाकून टाकते. सलग तीन दिवस न आलेलं मूल आणि दर बाजाराच्या दिवशी न येणारं मूल, या दोन याद्या काढा. पहिल्या यादीतल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी जा.

बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात तर मुख्याध्यापकाचं वर्षच वेगळं असतं. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांवर जातात, परततात ते उन्हाळ्यात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) कुणी घेतली हे गावात आधीच माहीत असतं. सप्टेंबरमध्ये ती यादी करा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तेव्हाच मार्गी लावा, आणि आजी-आजोबांशी बोला. जी मुलं जाणारच आहेत, त्यांचा वाचनाचा गट ऑगस्टपासून दुप्पट वेळ चालवा. जाताना त्यांच्या पिशवीत त्यांच्या पायरीची दोन-तीन पुस्तकं द्या. पुस्तकं परत येणार नाहीत, तो खर्च धरूनच चला.

पालक आणि समिती

व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. त्या बैठकीत बांधकाम आणि रंगकाम यांवरच तास जातो. विषयपत्रिकेत पहिला विषय भिंतीवरच्या तक्त्याचा ठेवा: गेल्या वेळी अक्षरावर किती होती, आता किती. निरक्षर आईलाही नऊचे चार झाले हे कळतं. मूल सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. आईला आपल्या मुलाशेजारी बसवा, त्याला वाचू द्या, आणि आपण बाजूला व्हा.

चाचण्या

पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण आले की आपण सरासरी काढून ती वर पाठवतो आणि विसरतो. सरासरीतून शिकवायला काही मिळत नाही. एकेक प्रश्न घ्या, कोणता प्रश्न सर्वाधिक मुलांचा चुकला ते बघा, आणि तोच शनिवारच्या बैठकीत आणा. आणि हात जोडून सांगते, फळ्यावर उत्तरं लिहून देणं, गुण वाढवून भरणं थांबवा. शाळेचं नाव खराब होईल ही भीती मला माहीत आहे, मीही तिच्यातून गेले आहे. पण खोटा आकडा एकदा भरला की ते मूल आपल्यालाही दिसेनासं होतं. माझ्या दाखलावाल्या मुलाचे सातही वर्षांचे गुण पास होण्याइतके होते.

बदली होण्याआधी

बदली आज ना उद्या होणारच. नव्या मुख्याध्यापकांना आपण देतो तो चार्ज म्हणजे जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक (सामानाची नोंदवही) आणि किल्ल्या. त्यासोबत एक पातळ फाईल द्या. पहिल्या पानावर आजच्या तारखेचा पायऱ्यांचा तक्ता. दुसऱ्यावर अजून अडलेल्या प्रत्येक मुलासाठी एक ओळ: कुठे अडलंय, काय करून पाहिलं, कशाने थोडं हललं. तिसऱ्यावर कोणत्या शिक्षकाची कशात ताकद आहे ते. चौथ्यावर गावातली चार माणसं, ज्यांच्या शब्दावर गैरहजर मूल शाळेत येतं. फाईल हातात देताना नव्या सरांना किंवा बाईंना घेऊन व्हरांड्यात बसा आणि त्यातल्या एका मुलाचं वाचन दोघांनी मिळून ऐका.